शेफील्ड पार्क रेल्वे स्थानक

शेफील्ड पार्क : इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यातील ग्रामीण रेल्वे स्थानक. ‘ब्लूबेल रेल्वे’ या वारसा म्हणून जतन केलेल्या मार्गाचे हे दक्षिणेकडचे अखेरचे स्थानक होय. पोलादासाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्ड शहराशी त्याचा संबंध नाही; नाव पडले ते शेजारच्या अर्ल ऑफ शेफील्डच्या जहागिरीवरून. तिसरा अर्ल क्रिकेटचा मोठा शौकीन. ऑस्ट्रेलियातील ‘शेफील्ड शील्ड’ ही क्रिकेट स्पर्धा त्याच्याच देणगीतून सुरू झाली आणि १८८६ च्या दौऱ्यात मुंबईचा पारशी संघही त्याच्या मैदानावर खेळून गेला.

शेफील्ड पार्कवरून जाणारा लुईस ते ईस्ट ग्रिनस्टेड हा मार्ग १ ऑगस्ट १८८२ रोजी सुरू झाला. भोवती शेते आणि विरळ वस्ती, उतारू बेताचेच. ब्रिटिश रेल्वेने जून १९५५ मध्ये मार्ग बंद करायचे ठरवले होते, पण इंजिनचालकांच्या संपामुळे मे महिन्यातच गाड्या थांबल्या. पुढचा प्रसंग रेल्वेच्या इतिहासात विरळाच. चेली गावच्या मॅज बेसेमर यांनी जुने कायदे चाळले, तेव्हा १८७७-७८ च्या कायद्यांनुसार या मार्गावर रोज चार गाड्या सोडणे बंधनकारक असल्याचे निघाले. रेल्वेला नमते घ्यावे लागले. ऑगस्ट १९५६ पासून गाड्या पुन्हा धावू लागल्या, पण कायद्यापुरत्याच : बहुधा एकच डबा, वेळा गैरसोयीच्या, आणि कायद्यात ज्यांचा उल्लेख नाही त्या बारकम व किंग्जकोट या स्थानकांवर थांबाच नाही. लोक तिला ‘फुरंगटलेली सेवा’ म्हणू लागले, आणि ते नाव चपखलच होते. अखेर संसदेकडून ते बंधन काढून घेऊन मार्च १९५८ मध्ये मार्ग कायमचा बंद करण्यात आला.

या भांडणाचा गाजावाजा झाला नसता, तर मार्ग वाचवायला माणसे जमली असती की नाही, शंकाच आहे. १९५९ मध्ये जतन संस्था उभी राहिली. संपूर्ण मार्ग घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून शेफील्ड पार्कपासून उत्तरेकडच्या हॉर्स्टेड कीन्स स्थानकाच्या अलीकडच्या ‘ब्लूबेल हॉल्ट’ या थांब्यापर्यंतचा तुकडा भाड्याने घेतला आणि ७ ऑगस्ट १९६० रोजी पहिली गाडी सोडली. ‘स्टेपनी’ हे १८७५ चे ‘टेरियर’ वर्गातले चिमुकले इंजिन तेव्हापासूनचे. प्रमाण रुंदीच्या मार्गावर स्वयंसेवकांनी चालवलेली वाफेची प्रवासी रेल्वे म्हणून ब्लूबेलचा मान पहिला.

मधले स्थानक एकाएकी टोकाचे झाले. गाडी आली की इंजिन सोडायचे, शेजारच्या रुळावरून पुढे काढायचे आणि दुसऱ्या टोकाला जोडायचे, हा खटाटोप फलाटावरून पाहता येतो. इंजिनांची शेडही इथेच आहे. स्थानकाला व्हिक्टोरियन काळातील रूप दिले आहे. हॉर्स्टेड कीन्स मात्र दोन महायुद्धांमधल्या काळातले, तर किंग्जकोट १९५० च्या दशकातले वाटेल असे सजवले आहे.

उत्तरेकडचा मार्ग टप्प्याटप्प्याने वाढला. रुळांसाठी खोदलेली इम्बरहॉर्नची खिंड गावच्या कचऱ्याने भरून गेली होती. तो उपसून त्यातला बराचसा रेल्वेनेच बाहेर नेला आणि मार्च २०१३ मध्ये गाडी ईस्ट ग्रिनस्टेडला पोहोचली. आता मार्गाची लांबी सुमारे १८ किमी आहे. लंडनहून येणाऱ्याला ईस्ट ग्रिनस्टेडला गाडी बदलून शेफील्ड पार्क गाठता येते. लुईसकडचे रूळ मात्र कधीच उखडले गेले.