आशाताई आणि नर्सबाई: गावात सोबत दिसतात, पण काम एक नाही

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत दोघी हमखास असतात. एकीच्या हातात यादी असते: कोणाचं बाळ दीड महिन्याचं झालं, कोणाचा पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा) दुसरा डोस राहिलाय, कोण बाळंतपणाला माहेरी गेलीय. ही आशाताई. दुसरीच्या पुढ्यात बर्फाच्या पट्ट्या घातलेला लसींचा डबा आणि सिरिंजा. ही नर्सबाई, कागदावर आरोग्य सेविका, दवाखान्यात एएनएम. नातवाला घेऊन आलेल्या आजीला दोघी सारख्याच. "आशाताई, तूच टोच की गं, सिस्टरची कशाला वाट बघायची?" आशाताई हसते, पण सुईला हात लावत नाही.

नर्सबाईने बारावीनंतर एएनएमचा दोन वर्षांचा कोर्स केलेला असतो आणि नर्सिंग कौन्सिलकडे तिची नोंदणी असते. पेंटा डाव्या मांडीत द्यायची, गोवर-रुबेला उजव्या दंडात, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. गोवर-रुबेलाच्या कुपीतली कोरडी लस एकदा द्रवात कालवली की चार तासांच्या आत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. एकच बाळ आलं तरी कुपी फोडायची. डोस वाया गेले तरी चालतील, बाळ तसंच परत जाता कामा नये. आता आशाताईची यादी चोख असेल आणि तिने चार घरं आदल्या दिवशी फिरून ठेवली असतील, तर त्याच कुपीत पाच बाळं होतात. दोघींचं काम एकमेकींत असं गुंतलेलं आहे.

आशा ही योजना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, आणि ती त्याच गावात राहणारी हवी, बहुधा गावची सून. सुरुवातीचं प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने मिळून २३ दिवसांचं. पिशवीत पॅरासिटामॉल, ओआरएस, लोहाच्या गोळ्या, गर्भनिरोधक साधनं. नर्सबाईचं उपकेंद्र मात्र सपाटीवर ५,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येसाठी, म्हणजे तिच्या हाताखाली चार-पाच आशा सहज येतात.

खरा फरक पैशात दिसतो. कायम जागेवरची नर्सबाई जिल्हा परिषदेची पगारी कर्मचारी. कंत्राटावर असली तरी दरमहा ठरलेलं मानधन असतं. आशाताई सरकारच्या लेखी 'स्वयंसेविका', तिच्या मोबदल्यातला बराच भाग कामागणिक. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास बघायचा. या सहा फेऱ्यांचे मिळून २५० रुपये. पगार म्हणायचा नाही, पण काम मात्र कर्मचाऱ्यासारखंच घ्यायचं, असा हा हिशेब आहे आणि मला तो कधीच पटलेला नाही.

कोरोनात तो सगळ्यांसमोर आला. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताया थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. पुढे लस आली तेव्हा टोचली नर्सबाईने, पण "लस घेतली की माणूस मरतो" म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला केंद्रापर्यंत आणलं ते आशाताईने. या जादा कामाचे केंद्राकडून महिना १,००० रुपये ठरले होते. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना पुन्हा संपच करावा लागला.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. आशाताईने इंजेक्शन द्यायचं नाही, हा तिच्या कुवतीचा प्रश्न नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शनं त्यांच्याकडून दिली आणि बालमृत्यू खाली आणले. आजच्या आशांच्या गृहभेटी त्याच प्रयोगातून आल्या. पण तिथे कसून प्रशिक्षण होतं, पाठीशी देखरेख होती. तेवढं न देता नुसती जबाबदारी सरकवली तर ती वेठबिगारी होते.

साथीनंतर नेमकं तेच होताना दिसतं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी-शुगरसाठीचा फॉर्म भरा, आयुष्मान कार्डं काढा, अ‍ॅपवर नोंदी करा: सगळं आशाताईच्या मोबाईलवर. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी हे तिसरं पदही आलंय (आपल्याकडे बहुतेक बीएएमएस झालेले), त्याने बीपी-शुगरच्या गोळ्या गावात मिळू लागल्या हे चांगलंच. पण नर्सबाईची जागा रिकामी असेल तर ती दहा आशा नेमूनही भरत नाही. उलट आशा नसेल तर नर्सबाईला यादी कोण देणार? तेव्हा 'आरोग्य कर्मचारी वाढवले' असं कोणी सांगितलं तर ग्रामसभेत दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: आपल्या उपकेंद्रातलं सेविकेचं पद भरलंय का, आणि आपल्या आशाताईचा मोबदला कोणत्या महिन्यापर्यंत जमा झालाय?