सांगलीच्या पोटातला सिग्नल

सांगली स्टेशनच्या फलाटावर पाहुण्यांची वाट बघत बसलो होतो. साताऱ्याकडून येणारी गाडी बाहेरच कुठंतरी अडकलेली. शेजारी आठवीतली भाची मोबाइलवर अक्षरांचा खेळ खेळत होती. सहा-सात इंग्रजी अक्षरं देतात, त्यांतून होतील तेवढे शब्द काढायचे. मध्येच तिनं समोरच्या पिवळ्या पाटीकडं पाहिलं आणि म्हणाली, "मामा, सांगलीची अक्षरं फिरवली की सिग्नल होतंय, बघ की."

मी बोटांवर मोजलं. एस, ए, एन, जी, एल, आय. खरंच की! एकही अक्षर उरत नाही, एकही उसनं घ्यावं लागत नाही. जन्म गेला ही पाटी बघण्यात, आणि हे कधी सुचलं नव्हतं.

"पण मोबाइलला कसं कळतं, कुठले शब्द होतात ते?" हा तिचा पुढचा प्रश्न. गाडीचा पत्ता नव्हता, त्यामुळं उत्तर द्यायला वेळ होता.

पहिला विचार येतो तो असा, की सगळ्या अदलाबदली करून बघायच्या. सहा वेगवेगळी अक्षरं 720 प्रकारे मांडता येतात. मशीनला त्याचं काही वाटणार नाही. पण सात अक्षरं झाली की 5,040 आणि दहा झाली की 36,28,800. प्रत्येक मांडणी घ्यायची, डिक्शनरीत आहे का बघायची, नसली की टाकून द्यायची. म्हणजे घागरभर पाणी उपसायचं आणि हाती चमचाभर.

त्यापेक्षा एक साधी युक्ती आहे. शाळेत प्रार्थनेला पोरं कशीही धावत येतात, पण उंचीप्रमाणे उभं केलं की रांग रोज तीच. अक्षरांनाही तसंच वर्णमालेच्या क्रमानं उभं करायचं. ‘सांगली’ची रांग होते ए, जी, आय, एल, एन, एस. ‘सिग्नल’ची रांग लावा, तीच येते. रांग जुळली की दोन्ही शब्दांत अक्षरं तीच, यात शंकेला जागाच नाही. मग अख्ख्या डिक्शनरीतल्या प्रत्येक शब्दाची रांग एकदाच लावून ठेवायची, सारख्या रांगेचे शब्द एका खणात टाकायचे. पुढं कुणी अक्षरं दिली की त्यांची रांग लावायची आणि तो खण उघडायचा. 720 वेळा नाही, एकदाच. आमच्या खणात आणखी दोन शब्द सापडतात: ‘अलाइन्स’, म्हणजे एका रेषेत आणतो, आणि ‘लेझिंग’, म्हणजे लेझरचं प्रकाश फेकणं. सांगलीच्या पोटात आय-एन-जी हे इंग्रजी क्रियापदांचं शेपूट दडलंय, शिवाय ‘एस’सुद्धा आहे. म्हणून हे गाव इतकं फळतं.

ही युक्ती संगणकाच्या फार आधीची आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकनं 1676 मध्ये आपला एक शोध छापला तो सी, ई, आय, आय, आय, एन, ओ, एस, एस, एस, टी, टी, यू, व्ही असा, नुसती वर्णक्रमानं लावलेली चौदा अक्षरं. शोधाचा मान आपल्या नावावर राखायचा, पण मजकूर फोडायचा नाही, असा हिशेब. दोन वर्षांनी त्यानंच उलगडा केला: ‘उत तेन्सिओ, सिक विस’. हे लॅटिन आहे, अर्थ ‘जसा ताण, तसा जोर’. कॉलेजात स्प्रिंगला वजनं टांगून आपण पडताळतो तो हूकचा नियम हाच. क्रम पुसला तरी अक्षरांची मोजदाद शिल्लक राहते, आणि दावा सिद्ध करायला तेवढी पुरते.

पण खेळात सगळी अक्षरं वापरायलाच हवीत असं नसतं. मग सहांतून कुठलीही एक, दोन, तीन अशी निवडायची. प्रत्येक अक्षर घ्यायचं की नाही हे दोनच पर्याय, म्हणून एकूण निवडी 64, त्यांतली काहीच न घेण्याची सोडली तर 63. तेवढे खण उघडले की झालं. ‘नेल्स’, ‘स्लिंग’, ‘गेन्स’ निघतात. ‘स्नेल’सुद्धा निघतो, म्हणजे गोगलगाय. गाडीची वाट बघताना तो निघावा, हे मला फार आवडलं.

दुसरी वाट फांद्यांची. डिक्शनरी झाडासारखी मांडायची, एकेका अक्षराला एकेक फांदी. ‘एन’नंतर ‘एल’ने सुरू होणारा इंग्रजी शब्दच नाही, त्यामुळं ती फांदी फुटतच नाही आणि तिथून पुढच्या 24 मांडण्या एका फटक्यात वाचतात. या रचनेला संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रेडकिन यांनी 1960 मध्ये ‘ट्राय’ हे नाव दिलं. टी, आर, आय, ई ही त्याची अक्षरं, तीही ‘रिट्रीव्हल’ (शोधून आणणं) या शब्दाच्या पोटातून काढलेली!

"आणि सातारा?" भाचीनं विचारलं.

साताऱ्याचं गणित वेगळं. एस, टी, आर एकेकदा आणि ‘ए’ तब्बल तीनदा. म्हणून मांडण्या 120च. अक्षरं फिरवून दुसरं काही मला तरी सुचलं नाही, पण मौज अशी की ‘सातारा’ हाच इंग्रजी शब्दकोशात शब्द आहे. एका लोकरीच्या कापडाचं ते नाव, गावावरूनच पडलेलं.

साताऱ्यावरून मला मूळ संख्यांची गंमत आठवली. ‘ए’ला 2, ‘बी’ला 3, ‘सी’ला 5 अशा ओळीनं मूळ संख्या वाटत गेलं की ‘आर’ला 61, ‘एस’ला 67 आणि ‘टी’ला 71 येतात. शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करायचा. भाचीनं मोबाइलवर केला. सातारा 23,21,416. ‘स्टार’ 5,80,354. भागून बघ म्हटलं. उत्तर आलं 4, बाकी शून्य. म्हणजे स्टार साताऱ्यात बसतो. शिवाय 4 म्हणजे 2 गुणिले 2, म्हणजे दोन ‘ए’ शिल्लक राहिले! कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, त्या जोरावर हे चालतं. सांगली आणि सिग्नल दोघांचा गुणाकार 8,33,58,854. लांब शब्दांना आकडे आवाक्याबाहेर फुगतात, त्यामुळं खऱ्या कामाला प्रत्येक अक्षर किती वेळा आलं ते मोजणंच बरं. पण सुंदर आहे, एवढं खरं.

मग तिनं हाच उद्योग मराठीत करून बघायचा ठरवला आणि घोटाळा झाला. सांगली आपल्याला तीन अक्षरांची दिसते. संगणकाच्या पोटात मात्र ती सहा खुणांची: स, काना, अनुस्वार, ग, ल, दीर्घ वेलांटी. या खुणा सुट्या करून फिरवल्या की काना भलत्याच ठिकाणी जातो, आणि आधी व्यंजन नसलं की ठिपक्यांच्या गोलाला लटकून बसतो. ‘चिमा काय कामाची’ हे उलटसुलट सारखं वाचता येतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते खुणांनी उलटवलं तर सुरुवातच दीर्घ वेलांटीनं होते. अक्षरांनी उलटवलं तरी पहिली ‘चि’ ऱ्हस्व आणि शेवटची दीर्घ. आपले कान ते चालवून घेतात, मशीन घेत नाही.

"मग आधी ‘सां’, ‘ग’, ‘ली’ असे तुकडे पाडायचे आणि तेच फिरवायचे," ती म्हणाली. अगदी बरोबर, मराठीसाठी तीच पायरी आधी. तीन तुकड्यांच्या मांडण्या सहाच. तिनं सहाही वहीच्या मागच्या पानावर लिहिल्या. लीगसां, गलीसां, सांलीग... सांगली सोडली तर एकाचाही अर्थ लागेना. तेवढ्यात सिग्नल पडला.