मामाच्या पायाला फोड आले अन् मामाले समजलंच नाही

मे महिन्यात आमचे नागपूरच्या महाल भागातले मामा भर दुपारी मंदिरात अनवाणी प्रदक्षिणा घालून आले. नागपूरचा मे म्हणजे पारा 45 च्या आसपास, फरशी तव्यासारखी, बाकीचे लोक टाचा उचलत पळत होते अन् मामा एकदम आरामात. सगळ्यांना वाटलं, काय श्रद्धा आहे! संध्याकाळी मामीला तळव्यावर दोन मोठे फोड दिसले तर मामा म्हणे, "मले तर काहीच नाही जाणवलं." मामांना शुगर आहे, बारा वर्षं झाली.

शुगरने नसा खराब होतात असं आपण म्हणतो, पण आपल्याकडे रक्ताची पण नसच आणि मेंदूला बातमी पोचवणारी पण नसच. इथे मात्र दोन्ही बिघडतात. स्नायूंना रक्तातली साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं, मज्जातंतूंना (म्हणजे बातमी पोचवणाऱ्या नसांना) लागत नाही, त्यामुळे रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते. तिथे तिचं सॉर्बिटॉल बनतं (शुगरफ्री च्युइंगगममध्ये असतं तेच, पण ते खाऊन हे होत नाही), ते सहज बाहेर पडत नाही, आणि ते बनवण्यात पेशीची स्वतःला वाचवायची ताकदही खर्ची पडते. वरून मज्जातंतूला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात, म्हणजे उपासमार.

आधी पायच का? अंगठ्यापर्यंतचा तंतू जवळपास 1 मीटर लांब, त्याची मुख्य पेशी कमरेत मणक्याजवळ, सगळा माल तिथून खाली जातो. पाइपलाइनच्या शेवटच्या घरासारखं, प्रेशर कमी झालं की पहिला नळ त्याचाच कोरडा. मग बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो, गुडघ्यापर्यंत आला की हाताची बोटं धरतो.

सुरुवातीला मुंग्या, रात्री तळव्यांची आग. लोक त्यालाच घाबरतात, पण मला विचाराल तर शुगर तशीच असताना मुंग्या आपोआप थांबल्या तर जास्त घाबरावं, कारण कधीकधी तो तंतूच गप्प झालेला असतो. मग चप्पल चावली, खडा टोचला, काही कळत नाही अन् जखम चिघळत जाते.

टाइप 2 (बहुतेकांना असते ती शुगर) वाल्यांनी निदान झाल्यापासूनच दरवर्षी पाय तपासून घ्यायचे, कारण शुगर बरेचदा कळायच्या आधीपासून असते. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) बरीच वर्षं चालू असेल तर बी12 व्हिटॅमिन पण बघा, ते कमी झालं तरी मुंग्या येतात.

मामांची तपासणी त्या फोडांनंतर पहिल्यांदा झाली. 10 ग्रॅम जोर पडला की वाकणारा नायलॉनचा धागा असतो, डॉक्टर डोळे मिटायला सांगून तो तळव्याला लावतात. चार ठिकाणी लावून झाला होता, आणि मामा डोळे मिटून विचारत होते, "सुरू केलं का हो?"