'मला ॲक्सेस नाहीये' इथपर्यंत आपण आलो कसे

ऑफिसात रोज कानावर पडणाऱ्या दोन तक्रारी म्हणजे 'मला त्या फोल्डरचा ॲक्सेसच नाहीये' आणि 'फाइल कुणीतरी उघडून ठेवलीये, सेव्ह होत नाहीये'. पहिली सिक्युरिटीची, दुसरी एकत्र काम करण्याची, आणि आयटीवाले दोन्ही सारख्याच कंटाळ्याने ऐकतात. पण दोन्हींचं मूळ एकच आहे, आणि ते क्लाउडच्या कितीतरी आधीचं आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची सिस्टीम होती. एकच मोठं मशीन, त्याला जोडलेले बरेच टर्मिनल, म्हणजे सगळ्यांच्या फाइल्स एकाच ठिकाणी, म्हणून फर्नांडो कोर्बाटो आणि मंडळींनी प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२ मध्येच ॲलन शेर नावाच्या संशोधकाला मशीनवरचा ठरवून दिलेला वेळ पुरेना, तर त्याने पासवर्डची अख्खी फाइलच प्रिंटरवर काढून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने लॉगिन करायला लागला (पीएचडी अडकली की माणूस काय करेल सांगता येत नाही). पण खरी गंमत झाली १९६६ च्या सुमारास. तिथला एडिटर फाइल उघडली की एक टेम्पररी फाइल बनवायचा आणि तिचं नाव कायम तेच, कारण एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करणार असं गृहीत धरलेलं. एक दिवस दोन ॲडमिन एकदम बसले, एक जण लॉगिन केल्यावर दिसणारा रोजचा मेसेज बदलत होता, दुसरा पासवर्डची फाइल, आणि दोन्ही टेम्पररी फाइल्सची अदलाबदल झाली. मग जो कोणी लॉगिन करेल त्याच्यासमोर 'आजचा मेसेज' म्हणून सगळ्यांचे पासवर्ड, तेही साध्या मजकुरात!

म्हणजे बघा, फाइल कोण उघडू शकतो आणि दोघांनी एकदम उघडली तर काय, हे दोन्ही प्रश्न एकाच दुपारी एकाच फाइलमुळे समोर आले. पुढची साठेक वर्षं कंपन्या हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवत बसल्या, आणि माझं मत विचाराल तर सगळी भानगड तिथेच आहे.

सीटीएसएसनंतरच्या मल्टिक्स सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलसोबत कोणाला वाचता येईल, कोणाला लिहिता येईल याची यादी आली. आजही फोल्डरवर राइट क्लिक करून सिक्युरिटी टॅबमध्ये जी नावं दिसतात ती त्याच कल्पनेची नातवंडं. मग ८० च्या दशकात टेबलाटेबलावर पीसी आले आणि मधला सामायिक कॉम्प्युटर गेला, फाइल्स फ्लॉपीवर फिरायला लागल्या. त्यावरचा उपाय म्हणून १९८३ मध्ये फाइल्स एका सर्व्हरवर ठेवून सगळ्या पीसींना देणारं नॉव्हेल कंपनीचं नेटवेअर आलं आणि त्याच सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉमने एसएमबी प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरची फाइल उघडायची पद्धत, बनवला. विंडोजचा शेअर्ड ड्राइव्ह आजही एसएमबीवरच चालतो, अर्थात मधल्या काळात त्याच्या बऱ्याच आवृत्त्या झाल्या.

दोघांनी एकदम उघडण्याचा प्रश्न मात्र शेअर्ड ड्राइव्हने सोडवला नाही, नुसता थांबवला. पहिला आला त्याची फाइल, बाकीच्यांना रीड ओन्ली. वर्ड यासाठी त्याच फोल्डरमध्ये ~$ ने सुरू होणारी एक लपलेली फाइल ठेवतो आणि तिच्यात फाइल उघडणाऱ्याचं नाव असतं. वर्ड क्रॅश झाला की ती तिथेच पडून राहते आणि मग अकाउंट्सवाले अर्धा तास शोधत बसतात की फाइल नक्की कोणी उघडून ठेवलीये, तर तो माणूस कालच गावाला गेलेला. यावर लोकांनी शोधलेला तोडगा म्हणजे फाइलची कॉपी काढा, ईमेलला जोडा, पाठवून द्या. म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्या परमिशन्स त्या क्षणी बाद, आणि वर फायनल, फायनल २, फायनल लेटेस्ट ही वंशावळ वेगळीच.

दोन्ही प्रश्न एकत्र धरायचा पहिला मोठा प्रयत्न रे ओझीचा. त्याने इलिनॉय विद्यापीठात शिकताना प्लेटो या शिकवायच्या सिस्टीमवरचं नोट्स, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचा चर्चेचा फळा, बघितलं होतं, त्यावरून १९८४ मध्ये आयरिस असोसिएट्स ही कंपनी काढली आणि १९८९ मध्ये लोटस नोट्स बाजारात आलं. यात एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय मजकूर वाचताच येऊ नये अशी सोय) आणि डिजिटल सही सुरुवातीपासून होती, प्रत्येकाची ओळख एका आयडी फाइलमध्ये, आणि डेटाबेसच्या कॉप्या वेगवेगळ्या सर्व्हरवर राहून आपापसात जुळवून घ्यायच्या. दोघांनी एकच डॉक्युमेंट बदललं तर नोट्स कोणाचंच फेकून न देता 'कॉन्फ्लिक्ट' म्हणून दुसरी प्रत ठेवायचं. दिसायला गचाळ, वापरायला किचकट, लोकांनी मनापासून शिव्या घातल्या, पण विचार काळाच्या पुढचा होता हे मान्य करायलाच लागेल. आयबीएमने १९९५ मध्ये साडेतीन अब्ज डॉलर्सला लोटस ही नोट्स विकणारी कंपनी घेतली आणि २०१९ मध्ये नोट्स आपल्या एचसीएलकडे आलं.

एकाच वेळी टाइप करण्याचं गणितही १९८९ चंच, टेक्सासमधल्या ऑस्टिनला क्लॅरन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी मांडलेलं. तुम्ही विसाव्या जागेवर शब्द घालताय आणि तेवढ्यात मी सुरुवातीला चार अक्षरं घातली, तर तुमची विसावी जागा आता चोविसावी झाली, सिस्टीमने तुमचा बदल तसा सरकवून घ्यायचा, कुलूप नको आणि कोणी थांबायलाही नको. हे सामान्य ऑफिसपर्यंत यायला वीसेक वर्षं गेली. २००६ मध्ये गूगलने रायटली हा ऑनलाइन एडिटर बनवणारी छोटी कंपनी घेतली, त्यातून डॉक्स निघालं, आणि २०१० च्या नव्या एडिटरपासून समोरच्याचा कर्सर अक्षर अक्षर पुढे सरकताना दिसायला लागला. त्याच वर्षीच्या वर्डमध्ये मायक्रोसॉफ्टने शेअरपॉइंटमार्फत परिच्छेदाला कुलूप लावून दोघांना एकत्र लिहू दिलं, ठीकच होतं.

दुसरा प्रश्न सुटला तसा पहिला सैल पडला. 'लिंक असलेल्या कोणालाही' हा पर्याय इतका सोपा की परमिशनची यादी करत कोण बसणार? ड्रू ह्यूस्टन बॉस्टन ते न्यूयॉर्कच्या बसमध्ये बसला आणि पेन ड्राइव्ह घरीच विसरल्याचं कळल्यावर वैतागून फाइल्स इंटरनेटवर ठेवणारं ड्रॉपबॉक्स बनवायला बसला आणि २००८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, कर्मचाऱ्यांनी आयटीला न विचारता कंपनीच्या फाइल्स त्यात टाकल्या, कारण व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कात शिरायची वाट) लावून शेअर्ड ड्राइव्ह उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. जून २०११ मध्ये कोडमधल्या एका चुकीमुळे साधारण चार तास ड्रॉपबॉक्सचं कुठलंही खातं कुठल्याही पासवर्डने उघडत होतं. तरी लोक परत शेअर्ड ड्राइव्हकडे गेले नाहीत, आणि मला त्यांचं नवल वाटत नाही.

आयटीचा भरवसा तोवर कंपनीच्या भिंतीवर होता, आतला तो आपला, बाहेरचा तो परका. २००९ च्या शेवटी गूगलवर चीनमधून हल्ला झाला, त्यानंतर त्यांनी भिंतच मोडीत काढायला घेतली. ऑफिसच्या वायफायवर आहेस म्हणून काही मिळणार नाही, तू कोण आणि तुझा लॅपटॉप कसा आहे हे प्रत्येक वेळी तपासणार, २०१४ मध्ये हे बियाँडकॉर्प नावाने लिहून प्रसिद्ध केलं. या विचारासाठीचा झिरो ट्रस्ट हा शब्द त्याआधी २०१० मध्येच फॉरेस्टर या संशोधन कंपनीच्या जॉन किंडरवॅगने रूढ केलेला.

ज्यांनी भिंतीवरच भिस्त ठेवली त्यांचं काय झालं ते २७ जून २०१७ ला दिसलं. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून घुसला आणि आत गेल्यावर एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतली फट आणि चोरलेले पासवर्ड वापरून मशीनमागून मशीन खात सुटला. मर्स्क या जहाज कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी पुन्हा उभे करायला लागले, आणि त्याच ग्रुपचं जेएनपीटीमधलं एक टर्मिनल ठप्प होऊन उरणला कंटेनर अडकले. त्यांच्या डोमेन कंट्रोलरची, म्हणजे कोणाला काय उघडता येतं त्या सगळ्या नोंदीची, एकच धड प्रत उरली ती घानामध्ये, कारण तिथली लाइट गेलेली आणि सर्व्हर बंद होता!!

मार्च २०२० ला उरलीसुरली भिंतही गेली, हिंजवडीतल्या कंपन्यांनी डेस्कटॉप टेम्पोत घालून लोकांच्या घरी पोचवले, व्हीपीएनची लायसन्स पुरेनात, आणि जे बदल पाच वर्षांच्या प्लॅनमध्ये होते ते दोन महिन्यांत उरकले.

कंपनीबाहेर फाइल पाठवण्याचा मार्ग मात्र वेगळाच वाढला. १९७१ मध्ये एफटीपीचा, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइल पाठवायच्या पद्धतीचा, पहिला मसुदा लिहिला तो आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचमधल्या अभय भूषण यांनी, एमआयटीत असताना. त्यात पासवर्ड उघडा जायचा, तेव्हा नेटवर्कवर होतेच किती जण. पुढे बँका, विमा कंपन्यांनी त्याजागी 'सुरक्षित फाइल ट्रान्सफर'ची महागडी सॉफ्टवेअर घेतली आणि २०२३ च्या मे महिन्यात त्यातल्याच मूव्हइटमध्ये क्लॉप टोळीने एसक्यूएल इंजेक्शनने शिरून जगभरातल्या संस्थांचा डेटा उचलला. एसक्यूएल इंजेक्शन म्हणजे वेबसाइटच्या रकान्यात साध्या माहितीऐवजी डेटाबेसला द्यायचा हुकूमच टाइप करणं, आणि तो चालू देणं ही कॉलेजच्या पोरांनाही शिकवतात ती चूक, म्हणून जास्त चीड येते.

मग राहतो तो उपाय म्हणजे कुलूप फाइललाच लावायचं, ती कुठेही जाऊ दे. आयआयटी मुंबईत रुजलेली सेक्लोर ही कंपनी हेच करते, फाइल एन्क्रिप्ट असते आणि उघडताना दर वेळी सर्व्हरला विचारते की हा माणूस कोण, याला प्रिंट काढू द्यायची का, आणि तुम्ही महिन्याभराने परवानगी काढून घेतली तर त्याच्या लॅपटॉपवर पडलेली कॉपीही उघडत नाही. ऐकायला झकास. पण समोरच्या वेंडरला आधी लॉगिन करा म्हटलं की तो म्हणतो साधी पीडीएफ पाठवा ना, आणि अगदी नाहीच तर स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो. फोटो थांबवायची युक्ती अजून कोणाकडे नाही, म्हणून अशा फाइल्सच्या पानभर तिरका, फिकट अक्षरांत वाचणाऱ्याचा ईमेल आयडी आणि वेळ छापतात, निदान फुटलं तर कोणाकडून फुटलं ते तरी कळावं.