इंधन पंप सुरू न होणे : दोषनिदान

पेट्रोल मोटारगाडीच्या टाकीतला विजेवर चालणारा पंप चावी ऑन केल्यावर फिरत नसेल, तर बिघाड पंपात आहे की त्याच्याकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत आहे, हे ठरवण्याची पद्धत. लक्षण ठरलेले असते : बॅटरी भरलेली, सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. गॅरेजमध्ये याला कोणी ‘पंप उठत नाही’ म्हणते, कोणी ‘पंपाला करंट नाही’. पहिले वाक्य लक्षण सांगते, दुसरे कारण. दुसरे वाक्य खरे की खोटे हे तपासण्याआधीच टाकी उतरवली गेली, तर काही रुपयांच्या फ्यूजच्या बिघाडासाठी काही हजारांचा पंप बदलला जातो आणि गाडी आहे तिथेच राहते.

सोलापूर परिसरातील कारणे

पंपाची रचना सगळीकडे सारखीच, पण तो बंद पडण्याची कारणे प्रदेशागणिक बदलतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत तळाला थोडेच पेट्रोल असेल, तर ते लवकर तापते. पंपाची मोटर पेट्रोलमध्येच बुडालेली असते, पेट्रोलच तिला थंड ठेवते आणि वंगणही देते. रिझर्व्हवर गाडी चालवण्याची सवय म्हणूनच पंपाचे आयुष्य खाते. उन्हाळ्यात पाव टाकीच्या खाली काटा जाऊ न देणे हा इथला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उसाच्या पट्ट्यात, म्हणजे माळशिरस, पंढरपूर, माढा या बाजूला, शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उंदरांचा त्रास मोठा. मागच्या सीटखालून पंपाकडे जाणारे वायरिंग ते कुरतडतात. वरून टेप शाबूत दिसते आणि आत तांब्याचे दोनच तंतू उरलेले असतात. तिसरे कारण पेट्रोलचेच. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. महिनोन्‌महिने न हललेल्या जुन्या गाडीच्या टाकीत पाणी खाली बसते आणि पंपाच्या पिनांना गंज धरतो. २०२३ च्या एप्रिलपासून तयार झालेल्या गाड्यांचे भाग या इंधनाला टिकतील असे बनवलेले आहेत. त्याआधीची गाडी असेल तर रबरी नळ्या आणि सीलही पाहून घ्यावेत.

विजेची वाट

बॅटरीच्या धन टोकापासून वीज बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समधल्या पंपाच्या फ्यूजमध्ये येते. हा फ्यूज बहुधा १५ अँपिअरचा असतो, काही गाड्यांत १० किंवा २०. तिथून ती पंपाच्या रिलेत, म्हणजे छोट्या करंटच्या हुकमावर मोठा करंट जोडणाऱ्या स्विचमध्ये, जाते. चार पायांच्या नेहमीच्या रिलेत ३० क्रमांकाच्या पायावर वीज आत येते आणि ८७ वरून पुढे जाते; ८५ आणि ८६ हे आतल्या कॉइलचे पाय. रिलेपासून वायर गाडीच्या फरशीखालून मागे कपलरपर्यंत, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगपर्यंत, जाते, तिथून पंपात, आणि पंपातून अर्थच्या वायरने बॉडीवर. काही गाड्यांत, विशेषतः फोर्ड आणि फियाटच्या जुन्या मॉडेलांत, मध्ये धक्का बसल्यावर तुटणारा इनर्शिया स्विच असतो.

रिलेची कॉइल ओढायची की नाही हे ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठरवतो. चावी ऑन केली की तो दोन-तीन सेकंद पंप चालवून नळीत दाब भरतो आणि थांबतो. इंजिन फिरते आहे असा क्रँक सेन्सरचा सिग्नल आला तरच पुन्हा चालवतो. ही सोय सुरक्षिततेसाठी आहे : अपघातात इंजिन थांबले की पेट्रोल फेकणेही थांबावे. तपासणाऱ्याने हे दोन सेकंद कायम लक्षात ठेवावेत, कारण बहुतेक चाचण्या तेवढ्याच वेळात उरकाव्या लागतात. एकाने चावीवर बसावे, दुसऱ्याने टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज आहे का ते दाखवणारा सुईचा दिवा, धरावा.

आधी कान

मागचे दार उघडून मागच्या सीटवर कान टेकावा, पंखा, एसी, टेप सगळे बंद ठेवावे आणि दुसऱ्याला चावी ऑन करायला सांगावे. दोन सेकंदांची बारीक गुणगुण ऐकू आली तर पंप फिरतो आहे. मग बिघाड दाब, इंजेक्टर किंवा स्पार्कमध्ये शोधावा. आवाज नसेल तर चावी बंद करून अर्धा मिनिट थांबावे आणि पुन्हा ऐकावे. नुकताच दाब भरलेला असताना काही ईसीएम लगेच दुसऱ्यांदा पंप चालवत नाहीत. काही फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांत ड्रायव्हरचे दार उघडताच पंप वाजतो, चावीवर नाही.

याच वेळी मीटरवरचा किल्लीचा दिवा पाहावा. तो लुकलुकत राहिला तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, चावी ओळखलेली नाही. अशा वेळी काही गाड्यांत पंपही बंद ठेवला जातो. दुसरी चावी लावून पाहणे हे एका मिनिटाचे काम आहे.

फ्यूज आणि रिले

फ्यूज डोळ्यांनी पाहून ‘ठीक आहे’ म्हणू नये. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावून फ्यूजच्या वरच्या दोन्ही उघड्या टोकांवर सुई टेकवावी. काही गाड्यांत या फ्यूजला चावी ऑन असतानाच वीज मिळते, म्हणून चावी ऑन ठेवूनच पाहावे. एका टोकावर दिवा लागतो आणि दुसऱ्यावर नाही, तर फ्यूज उडाला आहे. त्याच अँपिअरचा नवा लावावा. तोही लगेच उडाला, तर पंपाचा कपलर काढून आणखी एक लावावा. आता टिकला तर शॉर्ट पंपात आहे किंवा पंप जाम झाला आहे. कपलर काढूनही उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा वायरचा तुकडा घालणे म्हणजे पेट्रोलच्या टाकीकडे जाणाऱ्या वायरला पेटायची मोकळीक देणे. रस्त्यात गाडी अडली तरी हे करू नये.

रिले तपासण्याची सोपी रीत म्हणजे अदलाबदल. हॉर्नचा किंवा रेडिएटर पंख्याचा रिले त्याच क्रमांकाचा आणि त्याच पायांचा असेल तर तो पंपाच्या जागी लावून पाहावा. रिलेवर बोट ठेवून चावी ऑन केली की ‘टक्’ असा ठोका लागतो. ठोका लागतो पण ८७ वर वीज येत नाही, तर आतले कॉन्टॅक्ट जळले आहेत. ठोकाच लागत नाही, तर कॉइल किंवा तिचा हुकूम गेला आहे. कॉइलचा रोध साधारण ५० ते १०० ओहम भरतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती तुटली आहे.

रिले काढून ३० आणि ८७ यांच्या खाचा १५ अँपिअरचा फ्यूज बसवलेल्या वायरने काही सेकंद जोडल्या, की अर्धी लढाई संपते. पंप वाजला, तर पंप, मागची वायर आणि अर्थ तिन्ही चांगले. दोष रिलेत किंवा हुकूम देणाऱ्या बाजूला आहे. मग कॉइलच्या एका खाचेत चावी ऑन असताना १२ व्होल्ट येतात का, आणि दुसरीला ईसीएम अर्थ देतो का, हे मल्टिमीटरने पाहावे. या दुसऱ्या खाचेवर मोठ्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नये. ईसीएममधला बारीक ट्रान्झिस्टर तेवढा करंट सोसत नाही. पहिले दोन सेकंद अर्थ मिळतो पण सेल्फ मारताना मिळत नाही, तर क्रँक सेन्सर धरावा. ईसीएममधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यास पी०३३५ हा कोड बहुधा दिसतो. पंपाच्या रिलेच्या वायरिंगसाठी पी०२३० हा कोड येतो.

कपलर : खरी परीक्षा

३० आणि ८७ जोडूनही पंप गप्प राहिला तर मागे जावे. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत मागची सीट उचलली की पत्र्याचे झाकण दिसते आणि त्याखाली कपलर. काही मारुती गाड्यांत तो टाकीच्या वर अडकलेला असतो, पण त्याचा जोड गाडीखाली किंवा सीटजवळ हाताला लागतो. कपलरमध्ये चार-पाच वायरी असतात : दोन जाड पंपाच्या, उरलेल्या बारीक, पेट्रोलच्या काट्याच्या.

नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते. कपलर काढून मल्टिमीटर लावला की तो १२.४ व्होल्ट दाखवतो आणि ‘करंट आहे, पंप गेला’ असा निकाल दिला जातो. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. उंदराने खाल्लेल्या वायरचा एकच तंतू उरला असला तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज मिळते. पंप मात्र चालताना ४ ते ७ अँपिअर ओढतो, आणि तेवढा भार पडताच त्या तंतूवरच सगळे व्होल्टेज खर्ची पडते. एलईडीच्या टेस्टरचेही तेच. म्हणून हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब घेऊन त्याला दोन वायरी लावाव्यात. हा बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे पंपाएवढाच. दोन जाड पिनांत तो धरून चावी ऑन करावी.

बल्ब दोन सेकंद पांढरा झगझगीत पेटला, तर वीज पोचते आहे आणि दोष पंपात किंवा पंप ज्या डब्यात बसतो त्याच्या आतल्या वायरींत आहे. पिवळट मंद पेटला तर वाटेत रोध आहे. पेटलाच नाही तर एक टोक धन पिनवर तसेच ठेवून दुसरे स्वच्छ खरवडलेल्या बॉडीला लावावे. आता पेटला तर अर्थ गेली आहे. अर्थचा बोल्ट बहुधा मागच्या सीटखाली किंवा डिकीत असतो. तो सोडून वायरच्या टोकाची कडी (लग) सँडपेपरने घासून पुन्हा घट्ट केला की अनेक ‘मेलेले’ पंप बोलू लागतात.

कपलर हातात असताना त्याच्या पिना उन्हात धरून पाहाव्यात. चांगली पिन चकचकीत असते. सैल पिनभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होते, मग फुगते, आणि पिन मागे सरकते. असा कपलर तसाच ठेवून नवा पंप लावला तर तोही काही महिन्यांत गप्प होतो. नव्या कपलरचा तुकडा जोडताना वायरी नुसत्या पिळून टेप लावू नये. क्रिंप किंवा डाग (सोल्डर) देऊन श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवावी.

पंपच गेला असेल तर

टाकीच्या तळाला रबरी हातोड्याने हलके ठोके मारत चावी ऑन केली आणि पंप उठला, तर मोटरला वीज देणारे कार्बन ब्रश झिजले आहेत. अक्कलकोट किंवा तुळजापूरच्या रस्त्यात गाडी अडली असता या युक्तीने घर गाठता येते, पण नवा पंप त्याच दिवशी मागवावा. डीसी क्लॅम्प मीटरने करंट शून्य दिसला तर आत तुटले आहे, १० अँपिअरच्या बराच वर गेला तर पंप जाम आहे. अशा वेळी पंपाच्या तोंडाची जाळी गाळाने भरली आहे का तेही पाहावे. बाटलीतून घेतलेले सुटे पेट्रोल वारंवार वापरणाऱ्या गाड्यांत जाळीचा दोष जास्त आढळतो.

तापल्यावर बंद आणि तासाभराने चालू, हा उन्हाळ्यातला हमखास प्रकार. गाडी थंड झाल्यावर केलेली तपासणी इथे निरुपयोगी ठरते. बंद पडलेल्या अवस्थेतच बल्ब लावावा. बल्ब पेटतो आणि पंप फिरत नाही तर मोटरचे वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, तापून सुटते आहे. बल्बही पेटत नाही तर बहुधा रिलेच्या पायांचा डाग तडकलेला असतो. अँबेसिडर-पद्मिनीच्या काळात इंजिनावरच्या पंपाला ओले फडके गुंडाळत आणि गाडी चाले, कारण तो यांत्रिक पंप इंजिनाच्या उष्णतेने तापून नळीत वाफ धरायची. टाकीतल्या पंपाला त्या फडक्याचा उपयोग नाही.

सीएनजी किट बाहेरून बसवलेल्या गाडीत आधी किटचा कट-ऑफ रिले पाहावा. गॅसवर असताना पंप थांबवण्यासाठी बसवणारा काही वेळा पंपाची वायर कापून हा रिले मध्ये घालतो, आणि तोच अडकला की गाडी पेट्रोलवर उठत नाही.

तीन वायरींचा ब्रशविरहित पंप आणि त्याचे वेगळे कंट्रोल मॉड्यूल असलेल्या नव्या गाड्यांना वरची थेट जोडणी लागू नाही. त्यांना स्कॅनरनेच हुकूम देऊन पाहावे; १२ व्होल्ट थेट दिल्यास पंप जळतो.

पंप काढताना

टाकी अर्ध्याच्या खाली आणावी. काम सावलीत पण उघड्यावर करावे. बंद शटरमध्ये पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची ऋण वायर काढावी, आसपास विडी-काडी, ग्राइंडर किंवा वेल्डिंग नको, आणि अग्निशामक हाताशी असावा. नळी सोडताना कापड गुंडाळावे, कारण आत दाब शिल्लक असू शकतो. डब्याच्या वरची माती आधी झटकून पुसावी, नाहीतर ती टाकीत पडते. डबा टाकीला धरणारी लॉक रिंग पितळी ठोशाने फिरवावी, लोखंडी छिन्नीने नाही. नव्या पंपासोबत सील आणि जाळी नवीच घालावी, टाकीचा तळ पाहून गाळ व पाणी काढावे. कपलर लावून चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करावी म्हणजे दाब भरतो, आणि सेल्फ मारण्याआधी सीलभोवती बोट फिरवून ओल लागते का ते पाहावे.