दबाव गट (खान्देशातली उदाहरणं धरून)

दबाव गट म्हणजे ज्यांना खुर्ची नको असते पण खुर्चीवर बसलेल्याकडून आपलं काम करून घ्यायचं असतं असे लोक. शेतकरी संघटना, कामगार युनियन, व्यापारी असोसिएशन, शिक्षकांच्या संघटना, धरणग्रस्तांच्या समित्या, जातीची मंडळं, सगळे यात आले. निवडणुकीत उतरला की तो पक्ष झाला आणि तिथं हिशोब बदलतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला, पण आंदोलनाला जेवढी गर्दी व्हायची तेवढी मतं काही पेटीत पडली नाहीत.

राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये शांततेनं जमायचा आणि संघटना करायचा हक्क दिलाय, सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. अमेरिकेत लॉबिंग, म्हणजे सरकारदरबारी कुणाची तरी बाजू लावून धरायचं काम, करणाऱ्याला नाव नोंदवावं लागतं, १९९५ चा कायदाच आहे तसा, आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे कोण कुणाला भेटलं हे बाहेर कळतच नाही.

आता गावपातळीवर हे कसं चालतं ते बघा. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे केळी आडवी होते. लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाच-सात जण तहसील कचेरीत, हातात टाईप केलेलं निवेदन, खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून जिल्हाधिकाऱ्यांपासून पालकमंत्र्यांपर्यंत सगळ्यांची नावं. साहेबांच्या हातात कागद देताना फोटो निघतो आणि तो दुपारपर्यंत सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, पण जाणता माणूस फोटोत नसतो, तो आवक-जावकच्या टेबलाशी उभा राहून दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का मारून घेत असतो, कारण पुढं पंचनाम्यासाठी भांडायचं तर तोच कागद कामाला येतो. निवेदनाची शेवटची ओळ ठरलेली, 'आठ दिवसांत पंचनामे न झाल्यास रास्ता रोको'. मग रास्ता रोको, ठिय्या, साखळी उपोषण आणि शेवटी लेखी आश्वासन. लेखी आश्वासनाचं पुढं काय होतं ते खान्देशात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

काही दबाव पिढ्यान् पिढ्या चालतात. मनमाड-इंदूर रेल्वेची मागणी धुळ्याच्या लोकांनी किती वर्षं लावून धरली, ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये, खर्च १८,०३६ कोटी. अशा वेळी श्रेयाचे बॅनर कुणाचे लागतात ते सोडा.

सगळ्यात मोठं उदाहरण सातपुड्यातलं. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली ३३ गावं बाधित झाली, मणिबेली त्यातलंच. नर्मदा बचाव आंदोलनानं दिल्ली तर हलवलीच पण धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेलाही स्वतंत्र समिती नेमायला लावली आणि १९९३ ला बँकेचं उरलेलं कर्ज थांबलं. धरण मात्र थांबलं नाही, २००० साली सुप्रीम कोर्टानं बांधकामाला परवानगी दिली. मग आंदोलन हरलं का? माझ्या मते नाही, जमिनीला जमीन मागायची ताकद लोकांना त्यातूनच आली, डोंगरात जीवनशाळा, म्हणजे आंदोलनाच्याच शाळा, उभ्या राहिल्या, आणि पुनर्वसन हा विषय नंतर कुठल्याच धरणाला टाळता आला नाही.

रस्त्यावरचा दबाव दिसतो, न दिसणारा जास्त जड असतो. कापसाला भाव द्या म्हणून आपला शेतकरी ओरडत असतो आणि तिकडे कापड उद्योगाच्या संघटना आयात शुल्क काढा म्हणून दिल्लीच्या मंत्रालयात बसलेल्या असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस घरात यायच्या वेळेला. त्यासाठी उद्योगाला ना मोर्चा काढावा लागला ना घोषणा द्याव्या लागल्या. दोन्ही दबाव गटच, पण एकाची धाव तहसीलपर्यंत आणि दुसऱ्याची दिल्लीपर्यंत.

आणि ज्यांचा गटच नाही त्यांचं काय? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात भिल्ल सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी) आणि मजूर त्यांचे पुढारी अंबरसिंग महाराज यांच्या मागे उभे राहिले, श्रमिक संघटना झाली, गेलेल्या जमिनी आणि मजुरीचे प्रश्न पुढं आले, बायांनी दारूची मडकी फोडली. तोवर त्यांची बाजू कुठल्या कागदावर नव्हती. आजही कापूस वेचणाऱ्या बायांचा किलोचा दर बांधावरच ठरतो, कमी पडला तर जास्तीत जास्त काय, उद्या दुसऱ्याच्या शेतात जायचं. शेतमालाच्या भावाची निवेदनं ढिगानं सापडतील, वेचणीच्या दराचं मी तरी अजून एकही बघितलं नाही.