मुंबईतील मराठी बायबल कॉलेज

बायबल कॉलेज : प्रॉटेस्टंट मंडळ्यांसाठी (चर्चच्या स्थानिक समूहांसाठी) पाळक (पॅस्टर), सुवार्तिक (धर्मप्रचारक), संडे स्कूलचे शिक्षक व इतर सेवक तयार करणारी, बायबलचे अध्ययन केंद्रस्थानी ठेवणारी शिक्षणसंस्था. सेमिनरी (पाळकांचे उच्च शिक्षण देणारी संस्था) पदवीधरांसाठी आणि बायबल कॉलेज दहावी-बारावी झालेल्यांसाठी, असा भेद पुस्तकांत केलेला आढळतो. मुंबईत तो फारसा पाळला जात नाही. एकाच छताखाली, बहुधा चर्चच्या सभागृहात किंवा शाळा सुटल्यावर तिच्या वर्गखोल्यांत, प्रमाणपत्रापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमापर्यंत सारे चालते. आठ-दहा विद्यार्थी जमले तरी वर्ग भरला असे समजतात. कॅथलिक धर्मगुरूंचे प्रशिक्षण (उदा., गोरेगावचे सेंट पायस दहावे कॉलेज) बिशपांच्या अखत्यारीत, निवासी आणि तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान अशा टप्प्यांनी होते, त्याचा विचार या नोंदीत केलेला नाही.

या संस्थाप्रकाराच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकी लेखक सामान्यतः ए. बी. सिम्पसन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कला काढलेल्या संस्थेपासून सुरुवात धरतात आणि शिकागोतील मूडी यांच्या संस्थेला (१८८६) तिचे पक्व रूप मानतात. ब्रिटिश लेखक लंडनमधील स्पर्जन यांच्या पास्टर्स कॉलेजकडे (१८५६) किंवा ग्रॅटन गिनेस यांच्या पूर्व लंडनमधील प्रशिक्षणसंस्थेकडे (सु. १८७३) बोट दाखवतात. विद्यापीठाची पदवी नसलेल्या तरुणाला थोड्या काळात प्रचारकार्यासाठी उभे करणे हा हेतू निकष मानला, तर लंडनचा दावा अधिक सबळ ठरतो. वर्गांची रचना, विषयांची नावे, सकाळची प्रार्थनासभा हे सारे मात्र भारतात मुख्यतः अमेरिकी वळणाने आले.

मुंबईपुरता प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. मिशनच्या सुरुवातीच्या शाळांना कधी कधी धर्मशिक्षणाचा आरंभ म्हटले जाते. पण त्या शाळांत शिकवणारे पंतोजी बहुधा हिंदूच होते आणि शिक्षण अक्षरओळख व हिशेब यांचे. पाळक घडवण्याचा तो प्रयत्न नव्हता. दुसरे मत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या बाजूचे आहे. ते १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. तेथे बायबल शिकवले जाई, हे खरे. तरीही १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले पारशी विद्यार्थी धनजीभाई नवरोजी यांना ईश्वरविज्ञानासाठी एडिंबरोला जावे लागले आणि त्यांची पाळकपदाची दीक्षा १८४६ मध्ये तिकडेच झाली. पाळकीय शिक्षणाची पुरी सोय तेव्हा मुंबईत नसावी, असा याचा सरळ अर्थ निघतो. मराठीतून पाळक तयार करण्याची सलग परंपरा शोधायची तर घाट चढावा लागतो. अहमदनगरला मिशनचे ठाणे १८३१ मध्ये बसले. हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांची दीक्षा १८५४ मध्ये झाली आणि रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांच्या पुढाकाराने तेथील सेमिनरी १८७८ च्या सुमारास उभी राहिली. दीक्षा (१९०४) घेतलेले कवी नारायण वामन टिळक काही काळ या सेमिनरीत शिकवत. विसाव्या शतकात केंद्र पुन्हा सरकले. यवतमाळला १९५३ मध्ये स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला आली. म्हणजे दीर्घकाळ मुंबईने विद्यार्थी पाठवले आणि पाळक परत घेतले. भायखळा, गिरगाव, माझगाव येथील मराठी मंडळ्यांचा व्यवहार असाच चालत आला. शहरातील आजची लहान कॉलेजे प्रायः गेल्या काही दशकांतील असून त्यांतली बरीच पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या) व स्वतंत्र मंडळ्यांनी काढलेली आहेत. त्यांचा इतिहास न्यासाच्या नोंदवहीत आणि रौप्यमहोत्सवी स्मरणिकांत सापडतो, ग्रंथांत नाही.

प्रवेशासाठी गुणपत्रिका, बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकांचे शिफारसपत्र आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली साक्ष लागते. साक्षीत विश्वासात कसे आलो आणि सेवेचे पाचारण कसे झाले, हे दोन्ही यावे अशी अपेक्षा असते. मुलाखतीत कर्ज, कुटुंबाची संमती आणि घर कोणाच्या पगारावर चालते, हेही विचारतात. सर्वांत कच्चा दुवा शिफारसपत्राचा असतो. नोकरी न लागलेल्या मुलाला ‘सेवेत घाला’ म्हणून आलेल्या आग्रहाखातर पाळकसाहेब पत्र देतात आणि दुसऱ्या सत्रात बाक रिकामा होतो. जाणती कॉलेजे म्हणून मंडळीत निदान काही काळ केलेल्या कामाचा, उदा. संडे स्कूल, तरुण संघ किंवा घरसभा यांचा, पुरावा मागतात.

अभ्यासक्रमांचे साधारण टप्पे असे : प्रमाणपत्र एक वर्ष, पदविका दोन वर्षे, बी.टीएच. (बॅचलर ऑफ थिऑलॉजी) तीन ते चार वर्षे आणि पदवीधरांसाठी एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) तीन वर्षे. एका श्रेयांकाला (क्रेडिटला) सुमारे १५ तासिका आणि त्याच्या दुप्पट घरचे वाचन धरतात. तीन श्रेयांकांचा विषय शनिवारी तीन-तीन तासिका घेऊन संपवायचा तर १५ शनिवार हवेत. जूनमध्ये वर्ग भरले की जुलै-ऑगस्टमधील एक-दोन शनिवार पावसाने बुडतात आणि डिसेंबर नाताळच्या तयारीत जातो, म्हणून वेळापत्रकात दोन शनिवार राखून न ठेवणाऱ्या कॉलेजात शेवटचा भाग हमखास गुंडाळला जातो. जुन्या करारात तो भाग बहुधा बारा लघु संदेष्ट्यांचा असतो. विद्यार्थी दिवसा नोकरी करणारे असल्याने संध्याकाळचे वर्ग सातच्या आधी सुरू होत नाहीत आणि नालासोपारा-बदलापूरच्या गाड्या पकडण्यासाठी नऊनंतर चालत नाहीत.

विषयांची विभागणी सर्वत्र जवळजवळ सारखी असते : जुना करार (३९ पुस्तके), नवा करार (२७ पुस्तके), ईश्वरविज्ञान, मंडळीचा इतिहास, उपदेशशास्त्र, पाळकीय सेवा, इतर धर्मांचा परिचय. पाठ्यपुस्तके इंग्रजी, चर्चा मराठी-हिंदीत आणि उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या सोयीच्या भाषेत, ही रूढ पद्धत. वाचनासाठी बायबल सोसायटीची मराठी आवृत्ती धरतात. पंडिता रमाबाईंचे मूळ भाषांवरून केलेले भाषांतर (प्रकाशन १९२४) ताडून पाहण्यास उपयोगी पडते, पण ते फार थोड्या ग्रंथालयांत हाताशी असते.

मूळ भाषांपैकी हिब्रू बहुतेक लहान कॉलेजे २२ अक्षरे व शब्दकोश वापरण्यापुरती शिकवतात. ग्रीकला अधिक वेळ मिळतो आणि येथे मराठी विद्यार्थ्याचा एक फायदा सहसा वाया जातो. इंग्रजी पाठ्यपुस्तके नामाची रूपे बदलतात हे समजावण्यातच पहिले काही आठवडे घालवतात. ज्याने शाळेत विभक्ती पाठ केल्या, त्याला ते सांगावे लागत नाही. तीन लिंगे त्याच्या बोलण्यातच असतात. ग्रीकची ‘डेटिव्ह’ विभक्ती तृतीया, चतुर्थी व सप्तमी यांची कामे करते आणि ‘जेनेटिव्ह’ षष्ठीबरोबर पंचमीचेही, एवढे फळ्यावर मांडले की बराच घोटाळा टळतो. क्रियापदांत ‘मिडल’ प्रयोगाला संस्कृत आत्मनेपद आणि ‘एओरिस्ट’ या क्रियारूपाला संस्कृतचा लुङ् लकार (भूतकाळाचा एक प्रकार) जवळचा आहे, संस्कृत घेतलेल्यांना याचा आधार मिळतो. पाठांतराचा हिशेबही सोपा आहे. नव्या करारात सु. १,३८,००० शब्द असून निरनिराळे शब्द सु. ५,४०० भरतात. त्यांपैकी पन्नास किंवा अधिक वेळा आलेले शब्द तीनशेहून थोडे जास्त आहेत आणि मजकुराचा सु. ८० टक्के भाग त्यांनीच व्यापला आहे. रोज दहा शब्द पाठ केले तर महिनाभरात ते आटोपतात. गाडी अडते ती धातुसाधित विशेषणांपाशी. उपपदाची (इंग्रजी ‘द’सारख्या शब्दाची) २४ रूपे पक्की नसली तर कोणते विशेषण कोणत्या नामाचे, हे कळत नाही आणि विद्यार्थी मोबाइलवरील ओळीखाली-अर्थ दिलेल्या पाठाकडे वळतो. त्यातून उद्भवणारी ठरलेली चूक म्हणजे व्यासपीठावरून ‘हे क्रियापद एओरिस्टमध्ये आहे, म्हणून ही क्रिया एकदाच आणि कायमची झाली’ असे ठोकून सांगणे. एओरिस्ट क्रियेकडे अखंडपणे पाहतो. ती किती वेळा घडली हे संदर्भ ठरवतो. अर्धवट ग्रीकपेक्षा दोन-तीन मराठी भाषांतरे शेजारी ठेवून वाचणे अधिक सुरक्षित, असे जुने शिक्षक मानतात आणि ते योग्य वाटते.

उपदेशशास्त्रात प्रत्येकाला सत्रात निदान दोन संदेश वर्गापुढे द्यावे लागतात. क्रम असा : उताऱ्याची सुरुवात व शेवट ठरवणे, मागचापुढचा संदर्भ वाचणे, उताऱ्याचे म्हणणे एका मराठी वाक्यात लिहिणे, त्यावरून मुद्दे, मग लागूकरण, शेवटी प्रस्तावना. वेळ २० ते २५ मिनिटे. एका वाक्याची पायरी गाळली की संदेश वचनावरून वचनावर उड्या मारतो. दुसरा दोष उसन्या आराखड्याचा. इंग्रजी संदेशातील एकाच अक्षराने सुरू होणारे तीन मुद्दे मराठीत आणताना अर्थ ओढूनताणून बसवला जातो. टिळकांनी हाताळलेले आणि कृष्णराव सांगळे यांनी लोकप्रिय केलेले ख्रिस्ती कीर्तन हा पूर्वरंग-उत्तररंगाचा तयार साचा मराठी मंडळ्यांकडे आहे. तो आता मोजक्याच ठिकाणी शिकवला जातो. उपासना-संगीतातील पदांच्या चाली मात्र विद्यार्थी घरूनच घेऊन येतात.

प्रात्यक्षिक कामासाठी विद्यार्थ्याला एक मंडळी नेमून दिली जाते आणि रविवारच्या कामाचा लेखी अहवाल पाळकांच्या सहीने द्यावा लागतो. रविवारी मेगाब्लॉक असतो हे लक्षात न घेता विरारच्या मुलाला कल्याण दिले की अहवाल सहीपुरते उरतात. या कामात सर्वांत दुर्लक्षित राहणारा भाग कायद्याचा आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार, ज्या चर्चला दीक्षित पाळकाकरवी विवाह लावण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला नाही, तेथील पाळकाला परवाना हवा. विवाह सामान्यतः सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच लावावा लागतो. दोन साक्षीदार, नोंदवही आणि तिचे उतारे पाठवणे बंधनकारक असते. अधिकार नसताना विवाह लावल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कॉलेजचे प्रमाणपत्र हा परवाना नव्हे. स्वतंत्र मंडळ्यांतील नवे पाळक येथेच अडकतात, कारण लग्नाची तारीख ठरल्यावर चौकशी सुरू होते. दफनविधीतही प्रार्थनेपेक्षा कागद आधी लागतात : डॉक्टरांचा दाखला, पालिकेची नोंद, शिवडीसारख्या दफनभूमीत जागेची व्यवस्था.

मान्यतेचे तीन स्तर एकमेकांत मिसळू नयेत. पहिला कायदेशीर. विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या (१९५६) कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना व कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. बंगालमधील सेरामपूर कॉलेज १८१८ चे; त्याला डेन्मार्कच्या राजाची सनद १८२७ मध्ये मिळाली आणि तेथील सिनेटची व्यवस्था १९१८ च्या बंगाल कायद्याने झाली, म्हणून त्याच्याशी संलग्न कॉलेजांच्या बी.डी.चे (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) स्थान निराळे. दुसरा स्तर मंडळ्यांच्या आपसातील विश्वासाचा : १९७० मध्ये स्थापन झालेली एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन ग्रंथालय, शिक्षकांची पात्रता, श्रेयांक हे तपासून मान्यता देते. ती मंडळ्यांत चालते, सरकारी नोकरीसाठी नाही. तिसरा स्तर दीक्षेचा, आणि तो कॉलेजच्या हातात नसतोच. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (स्थापना नागपूर, १९७०) धर्मप्रांत उमेदवार निवडतो, आधी डीकन (साहाय्यक सेवक) व नंतर प्रेस्बिटर (पूर्ण पाळक) करतो. मेथडिस्टांत कॉन्फरन्स (प्रतिनिधींची सभा) ठरवते. स्वतंत्र मंडळ्यांत वडीलजन हात ठेवून प्रार्थना करतात. धर्मप्रांताने आधी न पाठवलेला विद्यार्थी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला तरी दीक्षेच्या रांगेत नसतो. प्रवेशाआधी बिशपांच्या कार्यालयात नाव नोंदवणे म्हणून महत्त्वाचे. पुष्कळांना ते तिसऱ्या वर्षी कळते.

नोकरी सोडता न येणाऱ्यांसाठी विस्तार-शिक्षणाची वाट आहे. ग्वातेमालात १९६३ मध्ये सुरू झालेली ही पद्धत भारतात १९७१ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या ‘टाफ्टी’ या संस्थेने रुजवली. घरी नेमलेला पाठ सोडवायचा आणि ठरल्या दिवशी गटात त्यावर चर्चा करायची, अशी तिची रीत. पाठ न सोडवता आलेला गट प्रार्थनासभा होऊन बसतो, ही तिची नेहमीची अडचण.

खर्चाचा मोठा भाग शुल्कातून निघत नाही. देणग्या, मंडळ्यांचे दशमांश व प्रायोजकत्व यांवर भिस्त असते आणि बरेच शिक्षक मानधनावर येतात. विदेशी अंशदान नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेला आलेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या न्यासामार्फत शिष्यवृत्त्या मिळवणाऱ्या लहान कॉलेजांचा तो मार्ग त्यामुळे बंद झाला. वसतिगृह चालवणे सर्वांत महाग, म्हणून निवासी वर्गांच्या जागी सायंकाळचे वर्ग आले.